सफरचंदाच्या सॉसमध्ये साखर शेवटी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमधून सफरचंदाच्या सॉसची कृती अधूनमधून छापून येते आणि ती बहुधा एकाच साच्यातली असते. सहा सफरचंदे सोलून फोडी करा, वाटीभर साखर आणि दोन वाट्या पाणी घाला, कुकरला तीन शिट्ट्या द्या आणि गार झाल्यावर मिक्सरमधून फिरवून घ्या, इतके सांगून लेखक मोकळा होतो. या कृतीने सॉस होतच नाही असे मी म्हणणार नाही. परंतु मोजमाप, पाणी, साखर, कुकर आणि मिक्सर या पाचही ठिकाणी तिच्यात दुरुस्तीला वाव आहे. त्यातही साखरेच्या बाबतीत तर पदार्थाच्या स्वभावाच्या अगदी उलट सूचना दिली जाते. स्वयंपाकघरात नवख्या माणसालाही पहिल्याच खेपेला जमावा असा हा पदार्थ आहे. तो छापील सूचनांमुळे पांचट किंवा नको इतका गोड होऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आधी मोजमापाचे पाहू. ‘सहा सफरचंदे’ हे माप नव्हेच, कारण लहान सफरचंद सव्वाशे ग्रॅमचे असते आणि मोठे अडीचशेचे, म्हणजे त्याच सहा फळांचे वजन पाऊण किलो भरेल किंवा दीड किलोही भरेल, आणि दोन्ही वेळा वाचक पाणी मात्र तेवढेच ओतणार. कृती वजनात दिली की हा घोळ संपतो. एक किलो सफरचंदांचा साधारण पाऊण लिटरला थोडा कमी सॉस होतो, हा अंदाज मनाशी धरला की भांडे केवढे घ्यावे आणि बरण्या किती लागतील हेही आपोआप ठरते.

सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणीच असते. त्यामुळे दोन वाट्या पाणी ओतून नंतर ते आटवत बसायचे, यात इंधनही जाते आणि फळाचा वासही वाफेबरोबर निघून जातो. किलोभर फोडींना शंभर ते सव्वाशे मिलिलिटर, म्हणजे फार तर अर्धी वाटी पाणी भरपूर झाले. तेही फळ शिजवण्यासाठी नसते. फोडींना स्वतःचा रस सुटेपर्यंतच्या पाच-सात मिनिटांत त्या बुडाला लागू नयेत, एवढेच त्याचे काम. भांडे जाड बुडाचे आणि स्टेनलेस स्टीलचे किंवा एनॅमलचे घ्यावे. सफरचंद आंबट असते आणि कोरे ॲल्युमिनियम, लोखंड किंवा कल्हई नसलेले तांबे यांच्याशी आम्लाचा संयोग झाला की चव आणि रंग दोन्ही बिघडतात. झाकण ठेवून मध्यम आचेवर वाफ येऊ द्यावी, मग आच मंद करावी आणि मधूनमधून तळापासून ढवळावे. पंधरा ते पंचवीस मिनिटांत फोड चमच्याच्या दाबाने सहज मोडू लागते. याहून नेमका वेळ सांगता येत नाही, कारण तो फोडीच्या आकारावर, फळाच्या जातीवर आणि ते किती दिवस साठवलेले होते यावर अवलंबून असतो.

आता साखरेकडे वळतो, कारण पत्राचा मुख्य मुद्दा तोच आहे. फळाच्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या मुख्यतः पेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे. उष्णता आणि पाणी यांनी हे पेक्टिन विरघळू लागले की पेशी सुट्या होतात आणि आपण म्हणतो की फळ शिजले. साखर नेमकी या क्रियेच्या आड येते. तिच्या पाकात शिजणाऱ्या फोडीतून पाणी बाहेर ओढले जाते, पेक्टिन विरघळण्याचा वेग मंदावतो आणि फोड आपला आकार धरून राहते. म्हणूनच अख्ख्या राहिलेल्या, चकाकणाऱ्या फोडी हव्या असतील तेव्हा फळ पाकात शिजवतात आणि ते मोडायचे असेल तेव्हा नुसत्या पाण्यावर शिजवतात. सॉससाठी फोड मोडणे हेच तर आपले उद्दिष्ट आहे. असे असताना कृतीच्या पहिल्याच ओळीत साखर घालायला सांगणे म्हणजे शिजण्याचा वेळ हाताने वाढवणे होय. असा सॉस मग गुठळ्यांचा राहतो, त्या गुठळ्या मोडण्यासाठी तो मिक्सरमध्ये जातो आणि मिक्सरमधून बाहेर येतो तो चिकट, एकजिनसी लगदा.

साखर शेवटी घालण्याचे दुसरे कारण याहूनही साधे आहे. कच्चे सफरचंद जितके गोड लागते त्याहून शिजलेले बहुधा अधिक गोड लागते, कारण पाणी आटते आणि रस दाट होतो. शंभर ग्रॅम सफरचंदात मुळातच सुमारे दहा ग्रॅम साखर असते आणि तिच्यात मोठा वाटा फ्रुक्टोजचा असतो. सॉस तयार झाल्यावर तो थोडा निवू द्यावा, चमचाभर चाखावा आणि मगच साखरेचा डबा उघडावा. माझा अनुभव असा की बरे पिकलेले फळ घेतले असेल तर डबा उघडावाच लागत नाही, आणि लागला तर किलोला एक-दोन चमच्यांच्या पुढे जावे लागत नाही. वाटीभर साखरेचा हिशेब कोणी आणि कुठून काढला, हे मला आजवर उमगलेले नाही. गरम सॉसमध्ये साखर क्षणात विरघळते, त्यामुळे शेवटी घातल्याने काही बिघडेल ही भीती नाही.

लिंबाचेही असेच आहे. चिरलेले सफरचंद तपकिरी पडते ते फळातील एका विकरामुळे. हवेतील ऑक्सिजनशी गाठ पडताच ते काम सुरू करते आणि आम्लाने त्याचा वेग कमी होतो, म्हणून फोडींना लिंबू चोळण्याचा सल्ला दिला जातो. परंतु फोडी चिरून लगेच भांड्यात जाणार असतील तर उष्णतेनेच ते विकर निकामी होते. लिंबाचा रस उतरवताना घातला तर त्याचा ताजा वास टिकतो आणि आंबटपणा किती हवा हेही जिभेवर ठरवता येते. फळ चिरून तासभर ठेवावे लागणार असेल तरच लिंबू आधी हवे.

फळ कोणते घ्यावे याबद्दल आपल्या कृती बहुधा मौन बाळगतात, आणि सॉसची चव तर निम्मी तिथेच ठरते. सफरचंदाच्या जातींचे शिजण्याचे स्वभाव फार वेगवेगळे असतात. इंग्लंडमधील साउथवेल येथे १८०९ साली पेरलेल्या बीपासून निघालेली ब्रॅमली ही जात आंबट आणि शिजताच फेसाळून मोडणारी असल्याने तिथे स्वयंपाकाचे सफरचंद म्हणूनच ओळखली जाते. कॅनडातील मॅकिंटॉशही लवकर मोडते आणि त्याचा सॉस मऊसूत होतो. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात निघालेले हिरवे ग्रॅनी स्मिथ चांगले आंबट असते, पण त्याची फोड तुलनेने घट्ट राहते, त्यामुळे त्याला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. गाला, फुजी आणि गोल्डन डिलिशस गोड असतात आणि त्यांना साखरेची गरज जवळजवळ नसते. रेड डिलिशस दिसायला सर्वांत देखणे असले तरी त्यात आंबटपणा कमी असतो आणि शिजल्यावर त्याची चव सपाट होते, म्हणून नुसत्या त्याचाच सॉस करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. या जाती हाताशी असोत वा नसोत, एक गोड आणि एक आंबट अशी दोन प्रकारची फळे मिसळली की सॉसला जी खोली येते ती एकाच जातीने येत नाही. गोड फळे जास्त आणि आंबट कमी, असे साधारण दोनास एक प्रमाण मला पटते. ठेवून ठेवून पिठूळ झालेली, कच्ची खायला कोणी तयार होत नाही अशी सफरचंदेही सॉसला चालतात. ती तर लवकरच मोडतात. मात्र त्यांचा आंबटपणा उतरलेला असतो, म्हणून तिथे लिंबाचा हात थोडा सैल सोडावा.

साल काढावी की ठेवावी, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. घरात पुरणयंत्र असेल तर साल काढण्याचा खटाटोप करूच नये. फोडी सालीसकट शिजवून यंत्रातून काढल्या की गर खाली उतरतो आणि साल वर राहते. शिवाय लाल सालीतील रंगद्रव्य आंबट रसात उतरते आणि सॉसला फिकट गुलाबी छटा येते. यंत्र नसेल तर साल आधी काढून शिजलेल्या फोडी रवीने किंवा पावभाजीच्या मॅशरने घोटाव्यात. थोडा दाणेदार राहिलेला सॉस मला तरी अधिक आवडतो. मिक्सरच वापरायचा असेल तर तो एक-दोनदा थांबवत फिरवावा आणि बिया व मधला कडक भाग आधीच काढलेला आहे याची खात्री करावी. सफरचंदाच्या बियांत ॲमिग्डालिन असते आणि बी फुटली की त्यापासून सायनाइड तयार होऊ शकते. एखादी अख्खी बी पोटात गेल्याने काही होत नाही. पण मूठभर बिया पात्याखाली भरडून कडू चव आणि नको ते द्रव्य सॉसमध्ये उतरवण्याचेही काही कारण नाही. बाहेरून आणलेल्या फळांवर बहुधा मेणाचा थर असतो, म्हणून सालीसकट शिजवायचे असेल तर ती कोमट पाण्यात चोळून धुवावीत.

कुकरविषयी मात्र मी आग्रही आहे. सफरचंदाचा गर शिजताना फेसाळतो आणि उसळी मारतो. हा फेस झाकणापर्यंत चढून वाफेची नळी बुजवू शकतो, म्हणूनच अनेक प्रेशर कुकरच्या माहितीपुस्तिकांत सफरचंदाचा सॉस कुकरमध्ये करू नये, असा नाव घेऊन इशारा दिलेला असतो. आपल्या कुकरची पुस्तिका तशी परवानगी देत असेल तरी भांडे अर्ध्याहून जास्त भरू नये आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावू नये. ज्या पदार्थाला उघड्या गॅसवर वीस मिनिटे पुरतात, त्यासाठी एवढा धोका पत्करून वाचणार किती, तर पाच-सात मिनिटे. ज्यांना शेगडीपाशी उभे राहायचे नाही त्यांनी फोडी झाकलेल्या भांड्यात ओव्हनमध्ये भाजाव्यात. वेळ जास्त लागतो, पण पाणी अजिबात घालावे लागत नाही आणि चव अधिक गडद होते.

‘खराब होत आलेली सफरचंदे वाया घालवू नका, सॉस करा’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. सुरकुतलेली, मऊ पडलेली, किंचित दबलेली फळे जरूर घ्यावीत. सडलेली घेऊ नयेत. सडक्या सफरचंदावर वाढणाऱ्या पेनिसिलियम एक्सपॅन्सम या निळसर-हिरव्या बुरशीपासून पॅट्युलिन नावाचे विष तयार होते आणि साध्या शिजवण्याने ते नाहीसे होत नाही. ते इतके गांभीर्याने घेतले जाते की अमेरिकेत सफरचंदाच्या रसासाठी त्याची मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम ठेवलेली आहे, तर युरोपीय संघाने सफरचंदाच्या प्युरीसारख्या घन पदार्थांसाठी ती २५ आणि लहान मुलांच्या अन्नासाठी १० मायक्रोग्रॅमवर आणली आहे. लहानसा डाग असेल तर त्याच्या भोवतालचा चांगला भागही सढळ हाताने कापून टाकावा. सड आतपर्यंत गेली असेल तर काटकसर बाजूला ठेवून फळच टाकून द्यावे.

मसाल्याच्या बाबतीत फार सांगण्यासारखे नाही. दालचिनीचा एक तुकडा फोडींबरोबर शिजवून शेवटी काढून टाकला की पुरे होतो, आणि चिमूटभर मीठ घातले तर गोडी उठून दिसते. दालचिनी पूड स्वरूपात घेण्यापेक्षा अख्खी घ्यावी, असे सांगण्यामागे मात्र कारण आहे. २०२३ साली अमेरिकेत लहान मुलांसाठीच्या, दालचिनी घातलेल्या सफरचंद-प्युरीच्या पाकिटांत शिसे आणि क्रोमियम आढळले, अनेक मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण वाढले आणि ती पाकिटे बाजारातून परत मागवावी लागली. तपासात दोष सफरचंदाचा नव्हे, तर भेसळ झालेल्या दालचिनीचा निघाला. अख्ख्या सालीत अशी भेसळ करणे पुडीत करण्याइतके सोपे नसते.

टिकवण्याविषयी छापील कृतींत ‘बरणीत भरून ठेवा’ एवढेच असते, आणि कुठे, कशी, किती दिवस हे वाचकाच्या तर्कावर सोडलेले असते. साखर कमी घातलेला किंवा न घातलेला सॉस हा मुरांबा नव्हे. तो बाहेर टिकत नाही. शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवावा, आणि वर बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून बाकीचा खाण्याचा मोह टाळावा. जास्त दिवस ठेवायचा तर गोठवणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. पाणी गोठताना प्रसरण पावते, म्हणून डबा काठोकाठ न भरता वर बोटभर जागा सोडावी, आणि एका वेळी संपेल एवढ्याच मापाचे डबे करावेत. बाहेर ठेवण्यासाठी बरण्या हवाबंद करायच्या असतील तर त्यासाठी बनवलेल्या काचेच्या बरण्या व नवी झाकणे घ्यावीत, उकळता सॉस वर सव्वा सेंटिमीटर जागा ठेवून भरावा, अडकलेली हवा पातळ सुरीने काढावी, काठ स्वच्छ पुसून झाकण लावावे आणि बरण्या पूर्ण बुडतील एवढ्या उकळत्या पाण्यात ठेवाव्यात. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीपर्यंत अर्ध्या लिटरच्या बरणीला १५ मिनिटे आणि एका लिटरच्या बरणीला २० मिनिटे लागतात. त्याहून उंचावर पाणी कमी तापमानाला उकळत असल्याने वेळ वाढवावा लागतो. एवढ्यावर काम भागते, कारण सफरचंदाचा सामू (pH, जो जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ च्या बराच खाली असतो आणि इतक्या आंबट पदार्थात बॉटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकत नाहीत. हाच नियम कमी आंबट भाज्यांच्या प्युरीला लावू नये. तिथे उकळते पाणी पुरेसे नसते.

हा सॉस लहान मुलांना, दात नसलेल्या वृद्धांना आणि आजारातून उठणाऱ्यांना सोयीचा असतो. बाळाला साधारण सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना तो साखर, मीठ आणि मसाला न घालता द्यावा, आणि गोडीसाठी मध तर वर्षाच्या आतील बाळाला मुळीच देऊ नये. काही औषधांच्या माहितीपत्रकांत कॅप्सूल उघडून आतील दाणे चमचाभर गार सॉसवर घालून न चावता गिळावेत, अशी सूचना असते. ज्यांना गोळी गिळणे जड जाते त्यांनी डॉक्टरांना विचारून तसे करता येते. केकच्या मिश्रणात तेलाचा काही भाग कमी करून त्या जागी सॉस घालता येतो, त्याने केक मऊ राहतो. मात्र सगळेच तेल काढून टाकले तर तो रबरासारखा होतो, हेही कृती लिहिणाऱ्यांनी सांगायला हवे.

सॉसचे गुण सांगताना तो अख्ख्या फळाच्या जागी बसवण्याची अलीकडे जी घाई दिसते, ती मात्र मला मान्य नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील एका प्रयोगात काही माणसांना जेवणापूर्वी अख्खे सफरचंद, सफरचंदाचा सॉस किंवा रस देण्यात आला. अख्खे फळ खाल्लेल्यांनी, आधी काहीही न खाता जेवले त्या दिवसाच्या तुलनेत, जेवणात सुमारे १५ टक्के कमी उष्मांक घेतले, आणि सॉस किंवा रस यांचा तेवढा परिणाम दिसला नाही. चावण्यात जो वेळ जातो तो पोट भरल्याची जाणीव होण्यास मदत करतो, असे यावरून वाटते. ज्याचे दात शाबूत आहेत त्याने सफरचंद चावूनच खावे. सॉस करावा तो फळे जास्त झाली म्हणून, घरात बाळ किंवा आजारी माणूस आहे म्हणून, किंवा नुसता आवडतो म्हणून. तेवढी कारणे मला पुरेशी वाटतात.

आपल्याला विनंती अशी की यापुढे ही किंवा अशी कोणतीही फळांची कृती छापताना फळाचे प्रमाण वजनात द्यावे, साखर कोणत्या टप्प्यावर आणि का घालायची हे लिहावे, आणि पदार्थ कुठे व किती दिवस टिकतो याची एक ओळ शेवटी अवश्य असावी. जागा अपुरी पडत असेल तर छायाचित्र थोडे लहान छापले तरी वाचकांची तक्रार असणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
पुरवणीची एक नियमित वाचक